हाराची तार

दसरा होऊन महिना झाला आणि मंचरला माझ्या छोट्या लोडरखाली तेलाचं तळं साचू लागलं. दुपारी कोंबडीखताचा ट्रक भरला नाही, तर पोल्ट्रीवाला दुसरा लोडर बोलावणार होता. मी मिस्त्रीला पंपाचं सील बदलायला सांगितलं.

"राव, तेल खाली दिसतं, पण गळतं वरून. आधी धुवा," मिस्त्री म्हणाला.

धुऊन कोरड्या केलेल्या मशिनवर त्याने टाल्कम पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू केलं. पावडरीवर उमटलेली ओली रेघ वर हायड्रॉलिकच्या पाइपापर्यंत गेली. खंडेनवमीला थाट दिसावा म्हणून झेंडूचा हार मीच तिथे तारेने आवळला होता. फुलं केव्हाच गळून गेली होती. तारेने मात्र घासून घासून रबरी पाइप कापला होता.

"लई भक्ती व्हती, भाऊ," मिस्त्री म्हणाला.

नवा पाइप बसला, ट्रक वेळेत भरला. पुढच्या खंडेनवमीला हार मी सीटवर ठेवला.