इग्वानाचा राखणदार

जालन्यात कचेरीसमोरच्या माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलावर आजवर अनेकविध प्रकरणे आली. परंतु घोंगडीत गुंडाळलेला इग्वाना, म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा परदेशी सरडा, एकदाच आला. त्यास आणणारा साठीचा धनगर गृहस्थ होता. ‘घरात घोरपड पाळली’ अशी शेजाऱ्याने तक्रार केल्याने वनखाते जनावर नेणार होते, कारण घोरपड पाळण्यास कायद्याने बंदी आहे.

“ही घोरपडच आहे,” मी अनुभवाने सांगितले.

“घोरपड पाला खाती का, साहेब?” असे म्हणून त्याने खिशातून शेवग्याचा पाला काढला. इग्वाना शांतपणे खाऊ लागला. तळहात एकमेकांवर चोळून म्हातारा त्याची पाठ शेकत राहिला. “ऊन लागलं न्हाई तर याला पचत न्हाई. याच्यापरीस मेंढरं बरी.”

मी अर्जात त्याच्या नावापुढे ‘मालक’ लिहू लागताच त्याने माझा पेन धरला. “मालक पोरगं हाय, पुण्याला नोकरीला. मी नुसता राखतो.”

“तसे लिहिल्यास अर्ज दुबळा होईल,” मी बजावले.

“होऊ द्या. ते याला बघायला तरी महिन्याला घरी येतं. हे माझं झालं, मंग कशाला येईल?”

मी पेन सोडवून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘अर्जदार सदर प्राण्याचा राखणदार असून, मालक दरमहा न चुकता घरी येतो.’