डिंकाचे लाडू आणि सोयाबीनचा काटा

माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला कळलं तसंच होतं का, याची अजून खात्री नाही.

मी मूळची कोकणातली, लहानपणापासून अंगानं भरलेली. तिकडे स्थळं यायची, चहा प्यायची आणि मागून निरोप, मुलगी जाड आहे. शेवटी लग्न जमलं ते इतक्या लांब, सुलतानपुरात. सुरुवातीला इथलं बोलणं समजायचं नाही. मोठ्या जाऊबाई हसायच्या, पण पुन्हा सांगायच्या. त्यांना मी ताई म्हणते. त्यांच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली, मूल नाही. अंगानं अगदी काडी.

मला दिवस गेले आणि सोनोग्राफीत दोन जीव दिसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवस राहण्याआधी वजन किती होतं?" कोणी केलं होतं वजन? घरी काटा आहे तो सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, तोलायचा. मग त्या म्हणाल्या, "आधीपासून वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये जुळ्यांचं प्रमाण थोडं जास्त दिसतं." ज्या अंगापायी मला कोणी पसंत केलं नाही, त्यानंच हे दिलं? आनंद मानावा, की त्यांनी लिहून दिलेल्या बीपीच्या गोळ्या बघून घाबरावं, काही कळेना. ताई शेजारीच बसल्या होत्या.

देवाच्या दयेनं दोन्ही मुली सुखरूप झाल्या. आई आली, पण तिला लवकर परतावं लागलं. मुलींच्या अंघोळी, माझा शेक, सगळं ताईंनी केलं. माझ्यासाठी डिंकाचे लाडूही त्यांनीच वळले. डबा मात्र भराभर रिकामा होऊ लागला. एका दुपारी त्या सोयाबीनच्या काट्यावर उभ्या दिसल्या, हातात अर्धा लाडू.

"ताई, हे काय?"

"अंगानं भरली का नाई थे पाहून राह्यली. तुले दोन झाल्या, मले एक तं होईन."

नका खाऊ, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? लाडू माझ्यासाठी केलेले. त्यांचं खाणं माझ्या डोळ्यांत खुपतं असंच त्यांना वाटलं असतं, आणि माझी इथली आई तर त्याच.

मुलींच्या लसीच्या डोसाला गेलो तेव्हा मी ताईंसमोर डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, पुन्हा जुळी हवी असतील तर वजन वाढवू का?"

त्या हसल्या. "आधी या दोघी सांभाळ. वजन वाढवून जुळी होत नाहीत. उलट फार वाढलं तर दिवस राहायलाच अडचण येते. मूल होत नसेल तर नवरा-बायको दोघांनी तपासायला यायचं."

परतताना ऑटोत ताईंच्या मांडीवर धाकटी झोपली होती.

"तुले अजून जुळे पायजेत?"

मी थोरलीचं दुपटं सारखं केलं.

"समजते मले, बाई," त्या म्हणाल्या. मग धाकटीला जवळ घेत, "पन यायले कसं सांगू, तुमीबी चाला म्हून?" यायले म्हणजे भाऊंना, माझ्या थोरल्या दिरांना.

घरी आल्यावर त्यांनी लाडवांचा डबा माझ्यापुढे ठेवला. जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बोला ना भाऊंशी."

"मोठ्या भावाले असं मी कसं सांगू?" तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

दोघांनी तपासायला जायचं, हे आता आम्हा तिघांना ठाऊक आहे. ज्यांना सांगायचं ते ओसरीवर बसून थोरलीला खेळवतात. ताईंचं बरं केलं की होती तीही आशा काढून घेतली, मला उमगत नाही. डब्यातले लाडू तसेच आहेत. मीही खात नाही.