चार ठिपक्यांच्या आधीचं

ऑफिसात त्यांना सगळे छाटणीमास्तर म्हणत, आणि या नावाचा त्यांना राग तर नव्हताच, उलट थोडा तोराच होता. शहराच्या पाणीपुरवठा खात्यात दिवसभर तक्रारींचा पाऊस पडे. प्रत्येक ओळीच्या आरंभी यंत्रानं चिकटवलेलं लेंढार: तारीख, वेळ, विभाग, कुठला तरी क्रमांक. मग एक खूण, आणि खुणेनंतर माणसाचं खरं म्हणणं. मास्तरांच्या स्क्रिप्टमधली, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममधली, एक ओळ त्या खुणेपर्यंतचं सगळं उडवून द्यायची. "कामाचं तेवढं ठेवायचं, बाकी कचरा," असं ते नव्या लोकांना ऐकवत.

घरीही हाच खाक्या. बायकोनं वाक्य सुरू केलं की हे त्याचा शेवट सांगून मोकळे. "अहो, मला बोलू तर द्या," हे त्या बाईनं संसारात सर्वांत जास्त वेळा म्हटलेलं वाक्य असेल, आणि तेसुद्धा तिला क्वचितच पुरं करता आलं. माणूस वाईट नव्हता. घाईचा होता. पण ज्याचं वाक्य तुटतं त्याला फरक काय पडतो?

मग तिचा आवाजच गेला. स्नायूंचा आजार. आधी जीभ जड झाली, मग घसा, मग हात. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालत राहिलं. रुग्णालयानं एक टॅबलेट दिला. ती त्यावर टाइप करी, टॅबलेट कोरड्या आवाजात ते बोलून दाखवी. मास्तरांनी आपल्या परीनं त्यात भर घातली: तिची प्रत्येक ओळ त्यांच्या कॉम्प्युटरवरच्या एका फाइलीत जाऊन बसे. आधी तारीख-वेळेचं लेंढार, मग दोन कोलन जोडून चार ठिपके, मग तिचे शब्द. चार ठिपकेच का? तर एरवी असं कोणी लिहीत नाही, म्हणून.

पण ती तसं लिहू लागली. बोट दमलं की ती थांबे, आणि ती थांबली की मास्तर सवयीनं तोंड घालत. "खिडकी ना? लावतो." खिडकी नसेच. एक दिवस ती भडकली. मास्तरांच्या स्क्रीनवर रोज दिसणारे ते चार ठिपके तिनं टाइप केले आणि पुढे लिहिलं, "हे दिसले की गप्प बसायचं. माझं संपलेलं नसतं."

"हुकूम, सरकार," मास्तर हसले.

तेव्हापासून घरात तो कायदा झाला. पाणी, उशी, पंखा बंद करा, असल्या गोष्टींना ठिपके लागत नसत. मनातलं काही सांगायचं असलं, की ओळभर ठिपके पेरलेले असत.

एकुलती मुलगी दूर राहत होती. तिचा संसार मोडला तेव्हा आई फोनवर म्हणाली होती, "तूही जरा समजून घ्यायला हवं होतंस." मुलीनं त्यानंतर आईचा फोन घेतला नाही. पुढे आईला फोन करताच येईना, आणि मुलगी आली ती आई गेल्यावर, सगळं आटोपल्यावर. परत जाताना दारात बॅग घेऊन उभी राहिली.

"बाबा, ती माझ्याबद्दल काही म्हणाली का हो?"

"म्हणाली ना. चांगलं लांबलचक म्हणाली."

"काय म्हणाली?"

"फाइलीत आहे सगळं. आकडेबिकडे काढून नुसतं तिचं बोलणं पाठवतो तुला."

खरं म्हणजे मास्तरांना ते आठवत नव्हतं. त्या दुपारी ती मुलीबद्दल लिहीत होती तेव्हा दूध उतू गेलं. ते शेगडी पुसत राहिले. बाहेरच्या खोलीत टॅबलेट बोलला, त्यात मुलीचं नाव ऐकू आलं, बाकीचं नळाच्या आवाजात गेलं. फाइलीत जातंय ना, मग सावकाश वाचू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि नंतर कधी वाचलं नाही.

मुलगी गेल्यावर ते कामाला बसले. ऑफिसातली जुनी, हातखंडा ओळ घेतली, खुणेच्या जागी चार ठिपके घातले, आणि छाटून उरलेलं त्याच फाइलीवर, जुन्याच्या जागी, उतरवलं. ऑफिसात रोज सगळ्याच्या प्रती निघत. ते काम सर्व्हरवाल्याचं. घरी कुठला आलाय सर्व्हरवाला?

त्या ओळीला एक खोड होती. ती पहिल्या खुणेपाशी थांबत नसे, शेवटच्या खुणेपर्यंत खात जाई. ऑफिसात तक्रारीच्या ओळीत खूण एकच, म्हणून कधी कुणाचं बिघडलं नाही.

मास्तरांनी फाइल उघडली. पाणी. उशी. पंखा बंद करा. हे सगळं जिथल्या तिथे. मध्येच "म्हणून म्हणते." मध्येच "नाहीतर राहू दे." खाली जात जात ती दुपार सापडली. वर "दूध बघा." त्याखाली "एवढंच." आणि त्याखाली "ऐकलंत ना?"

तेव्हा ते आतून "हो, हो" म्हणाले होते.

सर्व्हरवाल्याला फोन केला. "मास्तर, प्रत काढली नाहीत? तुम्ही?" तो हसला, मग ओशाळला. येऊन पुष्कळ खटपट करून गेला. ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं, ते परत येईना. टॅबलेट कधीच पुसून दुसऱ्या कुणाच्या बोटाखाली गेला होता.

काही तरी लिहून पाठवावं, असं मास्तरांच्या मनात आलं. तिच्यासारखं एखादं वाक्य. कीबोर्डवर हात ठेवून बसले, आणि ध्यानात आलं की ती कशी बोलायची हेच त्यांना येत नाही. शेवट तेवढे येतात.

मुलीचाच फोन आला. मास्तरांनी सांगितलं ते, जसं घडलं तसं: पहिली खूण, शेवटची खूण, त्याच फाइलीवर.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच काम केलंत."

"हो गं."

"आणि नेमकं इथे चुकलात? खरं सांगा. वाईट काही बोलली होती ना? म्हणून पुसलंत."

"नाही गं. शपथ."

"मग काय बोलली होती ते सांगा. एक वाक्य सांगा."

"तुझं नाव होतं," मास्तर म्हणाले. "आणि शेवटी... एवढंच."

पलीकडे काही आवाज नाही. एरवी त्यांनी काहीतरी घुसडून दिलं असतं. आज ते थांबले. तिचं संपलेलं नसेल, म्हणून थांबले. कानाला रग लागली तेव्हा फोन खाली घेऊन पाहिला, तर तिनं तो केव्हाच ठेवला होता.