सेल्फिशला सही कोण देणार?

सातपूरच्या आमच्या पंप फॅक्टरीतले किस्से मी कधी जमवायला गेले नाही, ते आपोआप साचत गेले. एक सांगायला घेतला की त्याच्यामागे दुसरा घाईने उभा असतो, आणि शेवटी समोरचा म्हणतो, "अहो, चहा गार झाला!" होऊ दे! आज सेल्फिशचे किस्से ऐकल्याशिवाय मी कुणाला उठू देणार नाही.

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी डिस्पॅच सेक्शनला टायपिस्ट होते आणि पगारे साहेब आमचे हेडक्लार्क. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, बोलणं मोजकं. जेवणाच्या सुट्टीत ते आम्हा सगळ्यांना इंग्रजी शिकवायचे. आठवड्याला दोन शब्द फळ्यावर लिहायचे. एकेक शब्द वापरून एखाद्या खऱ्या माणसावर वाक्य करायचं आणि, आता ऐका, ज्याच्यावर वाक्य केलं त्याचीच वहीत सही आणायची! 'पटलं' म्हणून! स्वतःवर वाक्य करायला बंदी.

"उदाहरण खोटं असलं की शब्द डोक्यात राहत नाही," असं साहेबांचं मत होतं.

'हँडसम'ला आमच्या वॉचमनने एका दिवसात अकरा सह्या दिल्या. त्यातली अकरावी मागायला कुणी गेलंच नव्हतं, तो स्वतः पेन घेऊन आला होता!

* * *

आम्ही बाकीचे हौशी. खरी गरज एकट्या सुदामला होती. सुदाम सिन्नरकडचा, पॅकिंगला होता. शाळा सातवीत सुटलेली. लाकडी खोक्यांवर 'धिस साइड अप' छापता छापता त्याने एबीसीडी गिरवली होती! कंपनी बंगलोरला डेपो उघडणार होती आणि तिथे स्टोअरकीपर हवा होता. वर्क्स मॅनेजरांनी सांगून टाकलं, "शंभर शब्द पूर्ण करून दाखव, तुझ्या नावाची शिफारस करतो. पण वही शनिवारी माझ्या टेबलावर पाहिजे."

सोमवारपर्यंत सुदामचे नव्याण्णव झाले होते. पगारे साहेबांनी फळ्यावर शंभरावा लिहिला. सेल्फिश!

अर्थ सांगून व्हायच्या आत सगळ्या सेक्शनला आपापली माणसं आठवली. कुणाला भाऊ, कुणाला घरमालक. मला तर तीन नावं सुचली आणि तिन्ही नणंदा होत्या! मग कुणीतरी विचारलं, "पण साहेब, सही?"

'मी स्वार्थी आहे' यावर सही कोण देणार हो?

* * *

आमच्यातला सर्वांत धीट म्हणजे भामरे, डिस्पॅचचा क्लार्क. तो थेट कँटीनच्या अण्णांकडे गेला. "अण्णा, भज्यांचा पहिला घाणा तुम्ही स्वतः खाता. हे सेल्फिश आहे. सही करा."

अण्णांनी झारा खाली ठेवला. "अरे, कच्ची राहिली का, मीठ जास्त झालं का, हे आधी मी माझ्या पोटावर बघतो. तुमच्यासाठी! आण ती वही. ते मागे 'जनरस' झालं होतं ना, त्याच्यावर सही राहिलीय माझी!"

आणि केली की! भामरे नको नको म्हणत असताना केली!

* * *

भामरे हार मानणारा नव्हता. तो सटाण्याचा. मंगळवारी घरून परत येताना सटाण्याच्या स्टँडवर एसटी लागली. गर्दी ही! एका धोतरवाल्या बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. भामरेने गाडीत चढून त्यांना गाठलं, सेल्फिशचा अर्थ समजावला आणि वही पुढे केली.

बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मी सेल्फिश शे? मंग तुना हातमा काय शे?"

भामरेच्या हातात त्याचा स्वतःचा रुमाल होता!

हे त्याने आम्हाला स्वतः सांगितलं, म्हणून मला तो माणूस आवडतो.

* * *

आता माझी हुशारी ऐका. वर्क्स मॅनेजरांच्या केबिनमध्ये दोन पंखे, आमच्या अख्ख्या हॉलमध्ये एक. मी वाक्य टाइप केलं, 'अवर मॅनेजर इज सेल्फिश', आणि सह्यांच्या पत्रांमध्ये मधोमध सरकवून दिलं. दहा मिनिटांत सही होऊन आलं! तारखेसकट! मी नाचायचीच बाकी होते.

पगारे साहेबांनी कागद वाचला, सही वाचली आणि लाल पेनाने सरळ काट मारली. "त्यांनी हे वाचलेलंच नाही. हे सेल्फिशचं उदाहरण नव्हे, केअरलेसचं आहे. आणि केअरलेस आपलं मागच्याच महिन्यात झालं."

* * *

इकडे शुक्रवार उजाडला आणि सुदामचं पान कोरंच. कुणाला स्वार्थी म्हणायला त्याची जीभच उचलेना! भामरेने त्याला बाजूला घेतलं. "तू माझ्यावर वाक्य कर, मी सही देतो. मी तुझ्यावर करतो, तू दे. मिटलं!"

सुदाम म्हणाला, "लय उपकार होतील. पण तुम्ही मला पोरीच्या आजारपणात सायकल दिली होती. तुमच्यावर हे कसं लिवू?"

तो खोक्यांकडे निघून गेला. मला इतका राग आला त्याचा! भल्या माणसा, उद्या वही जाणार आहे!

* * *

शनिवार. जेवणाची सुट्टी. सुदामची बायको शांता फाटकातून आत आली. मखमलाबादला तिच्या आईचं अर्धा एकर झेंडूचं रान होतं. आईला उठवत नसे, म्हणून तोडणी, विक्री सगळं शांताच करी. फुलबाजारातून परतताना ती सुदामचा डबा देऊन जायची. आज सुदाम वहीपुढे डोकं धरून बसलेला.

"काय झालं वो ह्यांना?" तिने मला विचारलं.

मी सांगितलं. एका सहीवर बंगलोर अडलंय, आणि शब्दाचा अर्थ असा असा, फक्त स्वतःचं बघणारा माणूस.

हॉलमध्ये सगळ्यांचे डबे उघडे आणि घास हातात.

"मंग माझं नाव लिवा की," ती म्हणाली.

सुदामने मान वर केली. "काय बोलतीस? तुझं कशापायी?"

"खरं हाय ते. आईला टाकून मला येता येनार नाय. तुम्ही गेले का वरसा-दोन वरसांनी दिसनार. दोन महिने झाले, मी रोज देवाला सांगते, ह्यांचा एक तरी शब्द चुकू दे. तुमचं भलं हाय तिथं, मला कळतं. तरी सांगते. मंग आनखी कोन असतं तसं?"

सुदाम म्हणाला, "मी नाय लिवणार."

"लिवा. साहेब म्हनतात ना, खरं पायजे? हे खरं हाय."

त्याने लिहिलं. एक अक्षर चुकलं नाही. 'माय वाइफ इज सेल्फिश. शी वॉन्ट्स मी हिअर.'

शांताने पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. नाव लिहायला ती नुकतीच शिकली होती. एकेक अक्षर दाबून काढलं. शां... ता... मी तर रडत होते!

सुदामने वही पगारे साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी वाक्य वाचलं. सही वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग लाल पेन उघडून, अख्ख्या वहीत पहिल्यांदाच मराठीत, त्यांनी खाली लिहिलं,

"वाक्य बरोबर. माहिती चुकीची. पास."