दाराबाहेरून ओढायची साखळी

धाडकन आवाज झाला आणि संडासाच्या दाराखालून पाण्याचा लोंढा आला. आठव्या महिन्यातली माझी गरोदर लेक आत गेली होती आणि आत डोक्यावर फ्लशची बिडाची जड लोखंडी टाकी होती. मी हातातली बादली टाकून धावले.

लेक बंद दाराबाहेर उभी होती, हातात दोर घट्ट धरून. दार उघडलं तर संडासाच्या भांड्याचे तुकडे आणि त्यांवर पडलेली टाकी.

तो दोर शेजारच्या कारकुनाचा. आमच्या इतवारीच्या चाळीत टोपलीचे संडास जाऊन फ्लश आले, तेव्हा या माणसाने साखळीला दोर बांधून तो दारावरून बाहेर काढला. बाहेर यायचा, दार लावायचा, मग दोन्ही हातांनी ओढायचा. आम्ही बाया हसायचो.

"भाऊजी, आत वाघ हाय का जी?"

"वाघ परवडला, बाई. तो डोक्यावर टांगलेला नसते."

कुणी आतूनच साखळी ओढली की हा अंगणातून ओरडायचा. त्या सकाळीही रांगेतून ओरडला, "बाहेर येऊन ओढ वं माय!" लेक लाजून अर्धी झाली. त्याचं तोंड बंद व्हावं म्हणूनच तिने ऐकलं.

मला वाटलं, आता हा गावभर मिरवणार. त्याने ढिगाऱ्यातून दोर सोडवला, पिळला, शेजारच्या संडासाच्या साखळीला बांधला आणि आत गेला. नंबर त्याचाच होता.

लेक वाचली. पुढल्या महिन्यात तिला मुलगी झाली, तीही धडधाकट.