करंगळीची खाच

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आमच्यात पहिली टिंगल मी करायचो. आजही भुतांवर माझा विश्वास नाहीच. पण हे काय आहे ते कोणाला सांगता आलं तर बघा...

मी पिंपळगाव राजाचा, तालुका खामगाव. बाबांचं तिथे वेल्डिंगचं दुकान आहे. मला कॅम्पिंगचा नाद, म्हणून त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या, म्हणजे चाकावरच्या पोलादी स्प्रिंगच्या पट्टीचा चाकू घडवून दिला — घडीचा नाही, सलग पात्याचा. बाभळीची मूठ आणि तिला बोटांसाठी चार खाचा. गंमत म्हणजे माप स्वतःच्याच हाताचं! माझी बोटं त्यात नीट बसतच नाहीत. "सवयीनं झालं बे," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्काम होता. चाकू बाहेर दवात राहिला. सकाळी माझा मित्र गजूनं कांदा चिरायला उचलला.

"काऊन बे, चुलीजवळ ठेवला होता काय?"

पातं गार, मूठ गरम. कोणीतरी आत्ताच हातातून खाली ठेवावी तशी. फक्त पहिली खाच गार होती. आम्ही हसलो आणि कांदा चिरला.

घरी आलो तर बाबांच्या शर्टाची बटणं आई लावून देत होती. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी बधिर झाली होती.

मग दुसरी खाच गार पडली आणि त्याच आठवड्यात मधलं बोट गेलं. मग तिसरी... अकोला झालं, नागपूर झालं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. बोटांचं कारण उद्या एखादा डॉक्टर सांगेलही, पण लाकडाचं कोण सांगणार? मी मूठ उन्हात ठेवली, रुमालात गुंडाळून कुशीत घेऊन झोपलो. हसू नका. तेवढ्यापुरती तापते, पुन्हा गार. काल करंगळीची शेवटची खाचही नुसती कोमट लागली. मला फार भीती वाटते.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. तरी आज सकाळी ते बाभळीचा नवा तुकडा घेऊन बसले.

"आण तुहा हात. या वक्ती तुह्याच मापाची बनवतो."

"बरं वाटल्यावर करा ना बाबा. घाई काय आहे?"

"घाई हाय," एवढंच म्हणाले.

त्यांना काय कळलंय, कसं कळलंय... विचारायची माझी हिंमत झाली नाही. डाव्या हातानं पेन्सिल फिरवताना त्यांची उजवी करंगळी माझ्या मनगटाला टेकली होती. कोमट होती. माप घेऊन झालं तरी मी हात काढून घेतला नाही.