वाकलेले पुठ्ठे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्नरच्या चित्रकलेच्या वर्गात वर्षअखेरीला प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी पुस्तक करायचे होते, कागदापासून बांधणीपर्यंत. सरांची अट एकच: "टेबलावर ठेवलं की पुस्तक मिटलेलं राहिलं पाहिजे. आ वासून बसलं, तर प्रदर्शनात नाही."

माझी खोलीतली मैत्रीण आणे गावची. तिने पठारावरच्या शेतांचे लाकडी ठसे कोरून कांद्याच्या सालींच्या तांबूस कागदावर छापले होते. काम देण्याच्या आदल्या सकाळी तिने पुठ्ठ्यांवर खळीने तोच कागद चढवला. वाळवण म्हणजे ऊन, हे आम्हा दोघींच्या अंगवळणी पडलेले. पुठ्ठे गच्चीवर खाटेवर पसरले. दुपारी पाहतो तो दोन्ही होडीसारखे वाकलेले.

घरमालकीणबाई कुरडया उलटायला आल्या होत्या. "पोरींनो, पापड लई मोठं लाटलं की! कढई कुठली आणायची?"

"मावशी, हसू नका. उद्या द्यायचंय," मी म्हणाले.

"मग रडून सरळ व्हनार हाय का?"

मैत्रीण पुठ्ठा हातात फिरवत राहिली. ओला कागद पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्या बाजूला ओढतो. "आतूनबी तसलाच कागद लावायचा," ती म्हणाली. "वढ सारखी व्हईल."

कोरा कागद मात्र संपला होता. उरली ती छापलेली, न शिवलेली पाने.

"फिकट आलेली दोन घे," मी सुचवले.

"ती पातळ हायेत. वढ कमी पडंल."

जाड पाने दोनच होती: विहिरीचे आणि घराकडच्या वाटेचे. तिचे सर्वांत चांगले ठसे तेच. तिने कडा कापल्या, छापलेली बाजू वर ठेवून ती आतून चिकटवली आणि पुठ्ठे सावलीत पाट्याखाली दाबले. सकाळी ते सरळ झाले होते. एक कोपरा तेवढा किंचित उचललेला. तिने पाने शिवून पुठ्ठे जोडले.

सरांनी पुस्तक उघडले. "घराची वाट सुरुवातीलाच? ती शेवटी होती ना?"

"व्हती, सर. आता हितूनच निघायचं."

सरांनी ते मिटून टेबलावर ठेवले आणि हात काढून घेतला. मिटलेले राहिले. सर ते घेऊन प्रदर्शनाच्या थप्पीकडे वळले, तोच ती पुढे झाली.

"सर, एक कोपरा अजून उचलतोय. प्रदर्शन लागेपर्यंत परत नेऊ का? पाट्याखाली ठिवते."